बाबांची चाल

थोरली मातीकाम करायची आणि धाकटा चित्रं हलवायचा. म्हणजे तो ॲनिमेशन करायचा. पण आईने एकदा शेजारणीला सांगताना "तो चित्रं हलवतो" असं म्हटलं आणि तेव्हापासून घरात तेच रूढ झालं. थोरलीबद्दल आई नुसतं "ती भांडी करते" म्हणायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, घासते.

घराच्या मागच्या अंगाला पूर्वी मोटार दुरुस्तीचं गॅरेज होतं. थोरलीने ते घेऊन तिथे आपलं चाक बसवलं, भट्टी बांधली, भिंतभर फळ्या ठोकल्या. आठवड्यातले निम्मे दिवस ती कला महाविद्यालयात शिकवायची, उरलेल्या दिवसांत हॉटेलांसाठी कप आणि ताटल्या बनवायची. बाबा अचानक गेले तेव्हा धाकटा अजून शिकत होता. घर कुणी चालवायचं, हा प्रश्न कुणी कुणाला विचारलाच नाही. थोरलीने बाह्या सरसावल्या, एवढंच.

धाकट्याच्या हातात कला होती, पण पायाला भिंगरी. आज या स्टुडिओत, उद्या त्या स्टुडिओत. कुठे साहेबाशी वाजायचं, कुठे कामाचा कंटाळा यायचा. शेवटचा स्टुडिओ तर बंदच पडला. तो एक संगणक आणि कपड्यांची बॅग घेऊन घरी आला आणि वरच्या खोलीत जाऊन झोपला. झोपला तो झोपलाच. आई जेवणाचं ताट घेऊन जिना चढायची आणि तसंच अर्धं भरलेलं ताट घेऊन उतरायची.

"त्याला जरा खाली बोलाव ना तुझ्याकडे," आई थोरलीला म्हणाली. "तुझं ऐकतो तो."

"माझं? त्याने कधी स्वतःचं ऐकलंय का?" थोरली म्हणाली, पण गेली वर, आणि त्याला हाताला धरून खाली घेऊन आली.

तो कोपऱ्यातल्या मोडक्या खुर्चीत बसून राहायचा आणि मोबाइलशी खेळायचा. एका दुपारी थोरली चाकावर ताटली फिरवत तिच्या काठाला रंगीत मातीचे ठिपके देत होती. धाकटा ते मोबाइलमध्ये टिपत होता, उगाच, वेळ जात नाही म्हणून. मग तो एकदम ओरडला, "ताई, थांब! नाही, नको, थांबू नकोस! चाक चालू ठेव!"

थोरलीला वाटलं, हात कुठे अडकला की काय. तिने दचकून बघितलं. तो मोबाइल तिच्या नाकासमोर नाचवत होता. डोळ्यांना नुसती गरगरणारी रेघ दिसत होती, पण मोबाइलच्या पडद्यावर ताटली फिरत असूनही ठिपके जागच्या जागी उभे होते, आणि उभ्या उभ्या माशांसारखे वळवळत होते.

त्या दिवशी धाकटा रात्रीचं जेवण दोन वेळा मागून जेवला. आईने थोरलीकडे असं बघितलं, जणू तिने त्याला औषधच दिलं होतं.

सुरुवातीला त्याने कागदावर चित्रं काढून दिली आणि थोरलीने ती वाडग्यांवर उतरवली. एकाच पक्ष्याची वेगवेगळ्या क्षणांतली चित्रं वाडग्याभोवती ओळीने काढायची, वाडगा चाकावर फिरवायचा, कॅमेऱ्यातून बघितलं की पक्षी पंख मारतो. धाकटा खूश होता. थोरली नव्हती.

"हे डब्यावर लेबल चिकटवल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली. "भांडं आपलं तसंच बसलंय आणि वर तुझा पक्षी उडतोय. एकमेकांची ओळखसुद्धा नाही."

"मग काय करायचं?"

"भांडंच हललं पाहिजे."

हे बोलणं सोपं होतं. त्यात त्यांचे कित्येक महिने गेले. थोरलीने वाडग्याच्या अंगावर मातीचे उंचवटे उठवले, पहिला राईएवढा, पुढचा वाटाण्याएवढा, त्याच्या पुढचा बोराएवढा, मग परत उतरते. चित्राच्या रेषा रंगवण्याऐवजी कोरल्या, म्हणजे त्या खाचांत झिलई साचून गडद व्हायची. आणि कॅमेऱ्याची जागा तिने दिव्याला दिली. खोलीत काळोख करायचा, भांड्यावर एक भराभर लुकलुकणारा दिवा सोडायचा आणि पायाखालच्या पट्टीने चाकाचा वेग दिव्याशी जुळवायचा. जुळला की ती कडक भाजलेली माती श्वास घ्यायला लागायची. फुगायची, ओसरायची. उंचवट्यांच्या सावल्यासुद्धा हलायच्या. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा दोघं लहान मुलांसारखी एकमेकांना चिमटे काढत हसली होती.

जगाला मात्र ते हसण्यासारखं वाटलं नाही. मातीकामाच्या एका स्पर्धेत त्यांनी भांडी पाठवली, तर परीक्षक म्हणाले, हा सिनेमाचा प्रकार आहे. ॲनिमेशनच्या महोत्सवात पाठवली, तर तिथून उत्तर आलं, आम्ही हस्तकला घेत नाही. महाविद्यालयातले एक सहकारी थोरलीला म्हणाले, "बाई, तुमची ही आवळ्याभोपळ्याची मोट आहे. धड ना इकडचं, धड ना तिकडचं."

"म्हणूनच करतोय," थोरली म्हणाली. तिला त्या बोलण्याचा राग आला नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सकाळी चाकापाशी जायची तिला घाई होत होती.

मग त्यांनी बाबांचं भांडं केलं.

बाबा वीज कंपनीत मीटर वाचायचे. दिवसभर या जिन्यातून त्या जिन्यात, खांद्याला पिशवी, हातात बॅटरी. लहानपणीच्या दुखण्याने त्यांचा उजवा पाय जरा बाहेरून फिरायचा, आणि पाय फिरला की डावा खांदा खाली जायचा, पिशवी घसरायची, मग ते कोपराने ती वर ढकलायचे. गल्लीच्या टोकाला ते दिसले की चेहरा ओळखू यायच्या आधी चाल ओळखू यायची. फोटो होते बाबांचे, लग्नातले, कार्यालयातले, पण ते चालतानाचं चलचित्र कुणाकडे नव्हतं. त्या काळी कोण कशाला चालणाऱ्या माणसाचं चित्रण करतंय?

धाकट्याने चाल आठवून चित्रं काढली. थोरली बघायची आणि म्हणायची, "खांदा अजून खाली." मग ती स्वतः उठून तशी चालून दाखवायची, आणि तो म्हणायचा, "तू नको गं, तू नाटकी चालतेस," आणि तोही चालून दाखवायचा. गॅरेजमध्ये दोघं बहीणभाऊ लंगडत फेऱ्या मारायचे. भांडं मोठं होतं, तळाशी अरुंद, वर फुलत गेलेलं, आणि काठाखालून बाबा चालत होते. पावलांखालची जमीन थोरलीने मातीच्या लाटेसारखी उठवली होती, पाऊल पडेल तिथे ती दबायची. दोन भांडी भट्टीत तडकली. तिसरं टिकलं.

आईला बघायला बोलावलं. काळोखात तिला स्टुलावर बसवलं, दिवा लावला, चाक सुरू केलं. सुरुवातीला वेग जुळेना.

"अगं, ते मागे मागे का चाललेत?" आई म्हणाली.

"थांब जरा." थोरलीने पाय हलका केला. मागे सरकणारे बाबा जागेवर थबकले आणि मग पुढे चालू लागले. पाय फिरला, खांदा गेला, कोपराने पिशवी वर.

आई स्टुलावर पुढे सरकली. मग म्हणाली, "पिशवीचा पट्टा मी शिवून दिला होता," आणि पुढे म्हणाली, "थांबवू नका इतक्यात."

त्यानंतर काही दिवसांनी एका नव्या कलादालनाच्या संचालक बाई घरी आल्या. उंच, केस आखूड कापलेल्या, बोलायला गोड. त्यांनी सगळी भांडी बघितली, बाबांच्या भांड्यासमोर दोन वेळा बसल्या आणि म्हणाल्या, "दालनाचं पहिलंच प्रदर्शन तुमचं करू."

ठरलं ते असं. मोठ्या खोलीत काळोख, सात चाकं, सात दिवे, सात भांडी. लोकांनी भांड्याभोवती उभं राहायचं, वाटलं तर स्वतः पट्टीवर पाय देऊन वेग जुळवायचा. शेजारच्या लहान खोलीत धाकट्याने केलेली एक छोटी फिल्म. धाकट्याला ही विभागणी पसंत नव्हती.

"भांडं एका खोलीत एकदाच असतं, ताई. फिल्म कुठेही जाते. आपण जे केलंय ते खरं म्हणजे फिल्ममध्येच पूर्ण होतं."

"फिल्ममध्ये त्याच्याभोवती फिरता येतं का? हात लावता येतो का?"

"हात कशाला लावायचाय लोकांना?"

"मला बाबांना लावायचाय," थोरली म्हणाली. मग त्याचा चेहरा पडलेला बघून तिने समजूत घातली, "अरे, फिल्म आहेच ना. दोन्ही आहे. दोन्ही असणं हीच तर गंमत आहे आपल्या कामाची."

तो "बरं" म्हणाला. थोरलीला वाटलं, विषय संपला.

प्रदर्शनाच्या आधी तिला एका लांबच्या गावी शाळेची भट्टी बांधून द्यायला जायचं होतं. शब्द दिलेला होता, मोडता येईना. जाताना तिने गॅरेजची किल्ली आईकडे दिली. ओल्या मातीवरची फडकी रोज भिजवायची होती.

"मांडणीचं मी बघतो," धाकटा म्हणाला. "तू थेट दालनातच ये."

तिकडून ती रोज फोन करायची. धाकटा म्हणायचा, झकास चाललंय. आई म्हणायची, "सगळं ठीक आहे. तू जेवतेस ना वेळेवर?" आणि पुढचं ऐकून न घेता फोन ठेवायची. आईला फोनवर बोलायला आवडत नाही, हे थोरलीला माहीत होतं. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

उद्घाटनाच्या संध्याकाळी ती बसने उतरली ती थेट दालनात गेली. नखांत अजून भट्टीची राख होती. दारात संचालक बाईंनी तिला मिठी मारली आणि म्हणाल्या, "तुमच्या धाडसाला सलाम."

कसलं धाडस, ते थोरलीला कळलं नाही. ती आत गेली. मोठ्या खोलीत काळोख होता, पण चाकांची घरघर नव्हती. एकही चाक नव्हतं. समोरच्या भिंतीवर फिल्म चालू होती आणि लोक गच्च उभे होते. तिला वाटलं, खोल्यांची अदलाबदल केली असेल. ती लोकांच्या पाठीमागे उभी राहून बघू लागली.

पडद्यावर आधी जमिनीवर पडलेल्या खापऱ्या दिसल्या. मग त्या हलल्या. एक एक खापरी सरपटत, उसळत, एकमेकींकडे धावली, हवेत उठली, सांध्याला सांधा लागला, आणि चाकावर अख्खं भांडं उभं राहिलं. चाक फिरलं, आणि पक्षी उडाला. दुसरं भांडं तसंच. तिसरं तसंच. फिल्म उलटी फिरवलेली होती, हे थोरलीला लगेच कळलं. उलटी फिरवायची म्हणजे आधी सुलटं काय केलं असेल, हेही कळलं. पण मन ते आत घेईना. नकली भांडी असतील, तिने स्वतःला सांगितलं. प्लास्टरची केली असतील त्याने.

शेवटी बाबांचं भांडं आलं. हे मात्र सुलटं होतं. बाबा चालत होते, पाय फिरत होता, पिशवी घसरत होती. मग उजवीकडून एक हात आला. म्हातारा, शिरा उठलेला, न थरथरणारा हात. त्याने भांड्याला हलकेच ढकललं. भांडं चाकाच्या काठावरून खाली गेलं. आवाज आला. बराच वेळ नुसत्या खापऱ्या. मग त्या उठल्या, बाबा जुळले आणि परत चालू लागले.

खोलीत कुणीतरी हुंदका दिला. टाळ्या पडल्या.

त्या हाताची करंगळी आतल्या बाजूला वाकडी होती. इस्पितळात नर्स असताना आईचं बोट लोखंडी खाटेच्या घडीत सापडलं होतं आणि तसंच वेडंवाकडं जुळलं होतं. थोरलीचे केस विंचरणारा, तापात कपाळावर टेकणारा हात होता तो. तिने तो हजारांत ओळखला असता.

फिल्म परत पहिल्यापासून सुरू झाली. थोरली शेजारच्या लहान खोलीत गेली. तिथे काचेच्या पेटीत सातही भांड्यांच्या खापऱ्यांचा ढीग छान उजेडात मांडला होता. तिने वाकून बघितलं. एका तुकड्यावर पिशवीचा पट्टा होता, तिने शिवणीच्या टाक्यासकट कोरलेला. प्लास्टर नव्हतं. भिंतीवरच्या पाटीवर दोघांची नावं होती, तिचं आधी.

धाकटा तिला शोधत आला. अंगात नवा कोट, डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर बाळपणीचं हसू.

"बघितलंस? ताई, लोक रडतायत गं!"

"सगळी फोडलीस?"

"ऐक तर. भांडं कधी ना कधी फुटणारच असतं. आपण ते फुटणंच कामात घेतलं. भांडं आणि फिल्म आता एकच झाली, वेगळी काढताच येत नाहीत. तूच म्हणायचीस ना, एकमेकांची ओळख पाहिजे म्हणून?"

"मला का विचारलं नाहीस?"

त्याने कोटाची बाही खाली ओढली. मग खरं तेच बोलला. खोटं बोलायची त्याला कधी सवय नव्हती. "तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे माझं उत्तर तुला माहीत होतं."

"तुझं नाव आधी घातलंय मी. अर्धं श्रेय तुझंच आहे. तू नसतीस तर..."

"मी नव्हतेच," थोरली म्हणाली.

ती बाहेर पडली. संचालक बाई कुणाला तरी सांगत होत्या, "एवढं सुंदर काम स्वतःच्या हाताने मोडायचं, याला काळीज लागतं." दाराजवळच्या खुर्चीवर आई बसली होती, ठेवणीतले कपडे घालून. तिने थोरलीला बघितलं आणि उठायला गेली. थोरली तिच्या समोरून निघून गेली.

सकाळी स्वयंपाकघरात दोघींची गाठ पडली. आईने चहाचा कप पुढे ठेवला. थोरली उभीच राहिली.

"किल्ली तूच दिलीस."

"हो."

"आणि हात?"

आईने स्वतःच्या हाताकडे बघितलं, जणू तो हिशेब तिच्याकडे नाही, त्याच्याकडे मागायला हवा. "त्याचा थरथरत होता. तीनदा पुढे केला त्याने आणि मागे घेतला. मला म्हणाला, आई, तू ढकल." तिने वाकडी करंगळी चोळली. "त्याने आधी एक साधा कप फोडून मला उलटा दाखवला होता गं. तुकडे आपोआप उठले आणि कप झाला. मला म्हणाला, बाबांना असंच उठवतो. खाली पडलेला माणूस उठून चालायला लागावा, हे मी इतकी वर्षं इस्पितळात किती वेळा मागितलं असेल. ते मला बघायचं होतं."

"ते तर चाकावर चालत होतेच, आई."

"होते."

"मला फोनवर एका शब्दाने सांगितलं नाहीस. रोज बोलत होतो आपण."

"सांगितलं असतं तर तू धावत आली असतीस आणि ते थांबवलं असतंस. मग तो परत वर जाऊन झोपला असता." आईचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुला नाही आठवत तो कसा पडून असायचा? मला आठवतं. जिना मी चढत होते. तुझं काय, तू खमकी आहेस. काही झालं तरी उभी राहतेस. भांडी काय, परत करशील."

"उभी राहते म्हणून मलाच पाडायचं?"

चहावर साय धरली. थोरली गॅरेजमध्ये गेली आणि आतून कडी लावून रिकाम्या फळ्यांसमोर बसली. भाऊ असाच आहे, हे ती जन्मापासून जाणून होती. त्याने फोडलं, तर ते पोरकट हावरेपणाने फोडलं. पण आईने हिशेब करून फोडलं होतं. कोण सोसेल आणि कोण सोसणार नाही, याचा तिने ताळेबंद मांडला होता आणि थोरलीचं नाव सोसणाऱ्यांत घातलं होतं. तिला आठवत गेलं, की ते नाव तिथे आजच घातलेलं नव्हतं. सगळ्यात जास्त जाचलं ते हे, की ती स्वतःही आजवर तेच मोठ्या तोऱ्याने मिरवत आली होती.

फिल्म चांगली होती, हे ती नाकारू शकत नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं. वर्तमानपत्रांत छापून आलं, लोक लांबून बघायला आले. ज्या सहकाऱ्यांनी आवळ्याभोपळ्याची मोट म्हटलं होतं, ते आता "माध्यमांचा संगम" म्हणू लागले. थोरलीने संचालक बाईंना सांगून पाटीवरून आपलं नाव काढायला लावलं. बाई म्हणाल्या, "पण हे तुमच्यावर अन्यायाचं होईल." थोरलीला हसू आलं. तिने तसं लिहूनच दिलं.

धाकट्याला ते फार लागलं. तो घरी येऊन म्हणाला, "लोक विचारतात, बहिणीचं नाव का गेलं? मी काय सांगू?"

"सांग, बहीण फुटली."

तो रागाने निघून गेला आणि लवकरच शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहू लागला.

प्रदर्शन उठल्यावर खापऱ्यांची खोकी घरी आली. ज्याला त्याला त्याचं काहीतरी करायचं होतं. एक म्हणाला, सांधे जोडा, भेगा दिसू द्या. एक विद्यार्थिनी म्हणाली, दळून नव्या मातीत मिसळा ना, बाई. सगळ्यांना त्यातून पुढची कलाकृतीच दिसत होती. थोरलीने खोकी भट्टीच्या मागे ढकलली आणि पुढे फरशा रचून ठेवल्या.

काही महिन्यांनी धाकटा परत आला. बाहेरून हाक मारून, विचारून आत आला. पूर्वी तो असा कधी विचारत नसे. खुर्चीवर टेकला. वाळला होता, पण डोळ्यांत तरतरी होती.

"मोठं बोलावणं आलंय ताई. लांबच्या शहरातून. त्यांना प्रत्यक्ष हवंय."

"काय प्रत्यक्ष?"

"फोडणं. रोज संध्याकाळी लोकांसमोर एक भांडं फोडायचं आणि लगेच मागे पडद्यावर ते उलटं जुळताना दाखवायचं." तो अडखळला. "त्यासाठी भांडी लागतील. बाबांच्या भांड्यासारखीच. पुष्कळ."

थोरली हसली. मनापासून हसली, इतकी की तिला हातातली पातळ सुरी खाली ठेवावी लागली. धाकट्यालाही वाटलं, बर्फ वितळला, आणि तोही ओशाळं हसू लागला.

"अरे," ती डोळे पुसत म्हणाली, "तुला खरंच कळलेलं नाही, नाही का?"

"काय कळलं नाही?"

ती त्याला सांगू शकली असती. गॅरेजमध्ये मारलेल्या लंगड्या फेऱ्या, तडकलेली दोन भांडी, तिसरं भट्टीतून काढताना दोघांनी रोखलेला श्वास. पण तो तिथेच तर होता. त्यानेही श्वास रोखला होता. तरीसुद्धा.

"मी करणार नाही," ती म्हणाली.

"मग मला दुसऱ्या कुणाकडून साचा करून घ्यावा लागेल."

"घे."

"तू रागावणार नाहीस?"

"नाही. साच्यातून निघालेलं भांडं फोड तू खुशाल."

त्याने साच्यातून तशी भांडी करून घेतली. आई ते सांगायला आली, तेव्हा थोरली कपांना मातीचे कान लावत होती. आई चौकटीत उभी राहिली.

"तो म्हणतोय, मी यावं. हात माझाच हवाय त्याला. लोकांनी फिल्ममध्ये तोच बघितलाय ना." ती चौकटीला टेकली. "जाऊ का?"

थोरलीने कपाला कान टेकवला, ओल्या बोटाने सांधा फिरवून घेतला. तिच्या मनात एक लहान मूल ओरडत होतं, नको जाऊस म्हणून. ते आईला ऐकू यायला हवं होतं. इतकी वर्षं इस्पितळात, दुसऱ्याच्या न बोललेल्या दुखण्यावर बरोबर बोट ठेवणारी बाई होती ती.

"तू ठरव," थोरली म्हणाली.

आईने ठरवलं. थोरलीने तिची बॅग माळ्यावरून काढून दिली, चाक अडकत होतं त्यात तेल घातलं, रक्तदाबाच्या गोळ्या वेगळ्या कप्प्यात ठेवल्या. सकाळी बसच्या थांब्यावर सोडायलाही तीच गेली. बॅग वर चढवून तिने आईला खिडकीजवळ बसवलं.

"तिथे उभं राहायला लावत असेल फार वेळ, तर खुर्ची माग," ती म्हणाली.

"मागेन." आईने तिचा हात धरला. "मी नसते गेले तर तो एकटा पडला असता गं."

"हो," थोरली म्हणाली. हात सोडवून घेतला आणि खाली उतरली. बस निघेपर्यंत ती थांबली, कारण थांबायची रीत असते.

घरी येऊन तिने गॅरेज उघडलं. गेले काही दिवस ती एक उंच, सरळ उभं भांडं करत होती. त्यावर एकही चित्र नव्हतं. नुसत्या आपल्या अंगठ्याने तिने आतून बाहेर दाबत ओळीने उठाव काढले होते. काळोख करून तिने चाक फिरवलं, दिवा लावला, पट्टीवर पाय ठेवला. वेग जुळायला वेळ लागला. जुळला तेव्हा भांड्याच्या आत कुणीतरी आहे आणि भिंत चाचपत फिरतंय, असं दिसू लागलं. तिला वाटलं होतं त्याहून ते चांगलं झालं होतं. ती एकटीच बघत बसली.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"पोचले. खोली चांगली आहे. उद्या संध्याकाळी पहिलं आहे. तू काय करते आहेस?"

पूर्वी स्वयंपाकघरात आईच्या अशा प्रश्नावर थोरली अर्धा तास बोलायची. माती कशी वागली, झिलई कुठे ओघळली, काय फसलं, काय सुचलं. आईला त्यातलं निम्मं कळायचं नाही, तरी ती हं हं करत ऐकायची.

"काही नाही," थोरली म्हणाली. "हॉटेलचे कप."